जुन्या टॉकीजमधे बघितलेले सायफाय पिक्चर : आठवणी लिहा

चौथी_रांग

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. जुन्या हिंदी-मराठी पिक्चरांच्या आठवणींचे धागे आपल्याकडे पुष्कळ झाले, पण परग्रह, अवकाशयानं, रोबो, काळात मागेपुढे जाणं असले पिक्चर आपण सिंगल स्क्रीन थेटरात बघितले त्याबद्दल कोणी फारसं लिहिलेलं नाही. आणि मला कायम वाटत आलंय की त्या पिक्चरांचा निम्मा परिणाम त्या थेटरांचा होता. मुंबईतली आमची इंग्लिश पिक्चरची थेटरं बघा, रिगल १९३३ चं, इरॉस आणि मेट्रो दोन्ही १९३८ ची. बांधणाऱ्यांनी ती बांधतानाच पुढच्या जमान्यातली वाटावीत अशी बांधली होती, रिगलला तर तेव्हा तळघरात मोटारी लावायची सोय होती. चर्चगेट स्टेशनातून बाहेर आलं की समोर इरॉसचा तो टप्प्याटप्प्याने चढत जाणारा मनोरा दिसायचा आणि माझ्यापुरता पिक्चर तिथूनच सुरू व्हायचा.

माझी आठवण स्टार वॉर्सची. पिक्चर १९७७ चा, आपल्याकडे तो नंतर आला, तेव्हा परदेशी पिक्चर उशिराच यायचे. धाकट्या मामाने नेलं होतं. आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र, त्यात कुठल्यातरी धरणाचं उद्घाटन, मग साबणाच्या आणि साड्यांच्या दुकानाच्या स्लाइड, मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट, आणि मग एकदम काळोख, ती वर सरकत जाणारी पिवळी अक्षरं आणि त्यानंतर वरच्या बाजूने एक यान येतं, येतं, येतच राहतं, संपतच नाही. शेजारच्या रांगेतले एक पारशी काका मोठ्याने "अरे बाप रे" म्हणाले आणि अख्ख्या बाल्कनीला तेच म्हणायचं होतं. आता तोच सीन घरी मोठ्या टीव्हीवर लावला तर यान छान दिसतं, पण ते आपल्या डोक्यावरून जात नाही.

तर लिहा. पिक्चर कुठला, थेटर कुठलं, बरोबर कोण होतं, आणि त्या हॉलचं काय लक्षात राहिलंय. नुसती पिक्चरची गोष्ट नको, ती कुठेही वाचायला मिळते.


अलकाचौक

मस्त धागा. आमच्या पुण्यात इंग्लिश पिक्चर म्हणजे अलका, कॅम्पातली व्हिक्टरी आणि वेस्टएंड, आणि शिवाजीनगरचं राहुल, ज्याच्या नावापुढे ७० एमएम लावल्याशिवाय कोणी बोलायचंच नाही. आमचा जीव मॉर्निंग शोवर. नवीन पिक्चरला तिकीट परवडायचं नाही आणि मिळायचंही नाही, पण जुने पिक्चर मॉर्निंगला फिरून फिरून यायचे आणि आठवडाभरात गेले तर गेले. लकडी पूल ओलांडताना अलकाचं पोस्टर बघायचं आणि सायकल तिकडेच वळवायची.

प्लॅनेट ऑफ द एप्स (१९६८) असाच मॉर्निंगला बघितला. आता एक गोष्ट मुद्दाम लिहितो, ती कोणी लिहीत नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते इंग्लिश धड कळायचं नाही. सबटायटल नसायची. मराठी मीडियमची पोरं आम्ही, अमेरिकन उच्चार कानावरून जायचे. पण सायफाय पिक्चरला ते चालून जायचं कारण निम्मी गोष्ट डोळ्यानेच कळते, आणि उरलेली थेटर सांगतं. म्हणजे मागच्या रांगेत कोणीतरी फर्ग्युसनचा असायचा तो मित्राला हळू आवाजात मराठीत सांगत असायचा आणि पुढच्या तीन रांगा कान मागे लावून ऐकायच्या, कोणी त्याला शुक् करायचं नाही. शेवटी समुद्राच्या वाळूत रुतलेला तो पुतळा, अमेरिकेतला स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, दिसतो तेव्हा मात्र सांगणाराही गप्प झाला. काही जणांना तो पुतळा कसला ते माहीत नव्हतं, ते बाहेर आल्यावर पानाच्या टपरीपाशी विचारत होते, आणि एका अनोळखी माणसाने उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं, म्हणजे परका ग्रह नव्हताच तो, आपलीच पृथ्वी होती पुढच्या काळातली. ते ऐकणाऱ्यांचे चेहरे मला अजून आठवतात. पिक्चरचा शेवट टपरीपाशी झाला त्यांच्यासाठी.


नीलमोहर

वा. वाचतेय. मागच्या रांगेतून भाषांतर हे अगदी +१


शेजारची_खुर्ची

माझी आठवण एलियनची. पिक्चर १९७९ चा, मी नंतर रिपीट रनला बघितला, कुलाब्याला स्ट्रँडमधे, हॉस्टेलच्या आम्ही चौघी. त्या काळी मुलींनी मुलींनी मिळून असला इंग्लिश पिक्चर बघायला जाणं म्हणजे थेटरातले लोक वळून बघायचे, डोअरकीपरने पण दोनदा विचारलं, हाच बघायचाय ना, पलीकडे रोमँटिक लागलाय. हाच बघायचाय म्हटलं.

जेवणाच्या टेबलावरचा तो सीन सगळ्यांना माहितीये, त्याबद्दल नाही लिहीत. मला लिहायचंय रिपलीबद्दल, म्हणजे सिगर्नी वीव्हरने केलेल्या पात्राबद्दल. आम्हाला अर्धा पिक्चर होईपर्यंत कळलंच नाही की हीच हिरो आहे. कारण तोपर्यंत आम्ही बघितलेल्या पिक्चरमधे बाई किंचाळायची आणि पुरुष वाचवायचा. इथे ती नियमाने वागते, दार उघडू नका म्हणते, कोणी ऐकत नाही, आणि शेवटी तीच एकटी उरते. खूप नंतर वाचलं की मूळ पटकथेत माणसांची फक्त आडनावं होती आणि यातलं कोणीही बाई किंवा पुरुष असू शकतं अशी टीपच लिहिलेली होती. म्हणून ती अशी आहे. तिच्यासाठी कोणी वेगळं बाईपण लिहिलंच नाही.

आणि यानात शिरलेल्या त्या परग्रहावरच्या प्राण्याच्या पोशाखात बोलाजी बाडेजो नावाचा एक नायजेरियन तरुण होता, जवळजवळ सात फूट उंच आणि किडकिडीत. पडद्यावर तो फारच थोडा वेळ दिसतो, बाकी सगळं अंधार आणि पाण्याचे थेंब आणि साखळ्यांचा आवाज. स्ट्रँडचे पंखे जोरात होते, साखळ्या पडद्यावर वाजतायत का छतात ते कळायचं नाही. आम्ही चौघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो. इंटरव्हलला पलीकडच्या दोन कॉलेजच्या मुलांनी येऊन विचारलं की तुम्ही थांबणार आहात का, कारण ते निघायचं म्हणत होते. आम्ही थांबलो, मग तेही थांबले.


खालापूरकर

मी सहसा वाचतो फक्त, पण इथे लिहायलाच पाहिजे, कारण आमच्या तालुक्याचा संबंध आहे आणि तो लोकांना माहीत नसतो.

स्पीलबर्गचा क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड (१९७७). त्यात भारतातला एक सीन आहे. डोंगरात हजारो माणसं जमलीयेत, साधू आहेत, सगळे एका सुरात गातायत, तेच पाच सूर जे पुढे यानाशी बोलायला वापरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ विचारतो की हे सूर कुठून आले, आणि एका क्षणात सगळे हात वर, आभाळाकडे. पडद्यावर पाटी येते धर्मशाला, उत्तर भारत. पण ते शूटिंग झालंय आमच्याकडे, खालापूरजवळच्या हाळ गावात, मुंबई-पुणे रस्त्याच्या अंगाला. मागचे डोंगर आपल्या सह्याद्रीचे आहेत, हिमालयाचे नाहीत, आमच्याकडच्या कुठल्याही माणसाने ते बघितल्याबरोबर ओळखावेत. तो शास्त्रज्ञ म्हणजे फ्रान्स्वा त्रुफो, स्वतः जगातला मोठा दिग्दर्शक, तो माणूस आमच्या तालुक्याच्या उन्हात उभा होता. आणि या भागाचा कॅमेरा डग्लस स्लोकोंबचा, ज्याने पुढे इंडियाना जोन्सचे पहिले तीन पिक्चर शूट केले.

आमच्या नात्यातले काही लोक त्या गर्दीत होते. त्यांना काय सांगितलं होतं तर इशारा झाला की सगळ्यांनी हात वर करायचे, बोट आभाळाकडे. कशासाठी, पिक्चर कसला, काही माहीत नाही. मग पिक्चर मुंबईला लागला तेव्हा त्यातले तिघे-चौघे एसटीने मुंबईला गेले बघायला, मी लहान, मला पण नेलं. सगळा पिक्चर इंग्लिश. ते काका लोक शांत बसून वाट बघत होते. आणि तो सीन आला, एवढासाच आहे तो, आणि ते हात वर गेले. आमच्या काकांनी थेटरात पण हात वर केला. नकळत. स्वतःला ते शोधू शकले नाहीत, हजारो माणसं आहेत, कुठे दिसणार. पण त्यानंतर शेवटापर्यंत, ते एवढं मोठं दिव्यांचं यान उतरतं तिथपर्यंत, ते असे बघत होते की हे आपलंच काम चाललंय, आपण सांगितलं होतं ना आवाज वरून येतो म्हणून, तर हे आले बघा.

पाहुणे पृथ्वीवर येणार हे सगळ्या जगाला कोणी सांगितलं तर हाळच्या माणसांनी. मला याचा फार अभिमान आहे.


चौथी_रांग

खालापूरकर, अंगावर काटा आला. हात वर केला थेटरात!! किती वेळा बघितलाय तो पिक्चर आणि दर वेळी ते धर्मशाला खरं मानलं. आज रात्री परत बघणार, डोंगरांसाठी.


रीळ_नंबर_सात

आमचे वडील ऑपरेटर होते, मिरजेच्या बाजूला एका थेटरात, त्यामुळे मी हे सगळे पिक्चर मागून बघितले, प्रोजेक्टर केबिनच्या भोकातून. तुम्ही सगळे पडद्याबद्दल लिहिताय तर मी दुसऱ्या टोकाबद्दल लिहितो.

केबिनमधे दोन मशीन. तेव्हा बल्ब नव्हता, कार्बनच्या दोन कांड्या असायच्या, त्यांच्यात करंट सोडला की मधल्या फटीत पांढराशुभ्र जाळ पेटायचा आणि मागच्या आरशावरून तो उजेड फिल्मवर जायचा. कांडी जळत जाते तसं अंतर वाढतं, मग ते हाताने सारखं जुळवत राहायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा अंधारतो आणि खालून शिट्ट्या. झेनॉनचे दिवे नंतर आले. आता विचार करा, अवकाशाचे पिक्चर म्हणजे सगळा काळा पडदा आणि त्यात बारीक चांदण्या. हिंदी पिक्चरमधे उजेड थोडा कमीजास्त झाला तर चालतं, इथे उजेड पडला की चांदण्याच जातात. वडील म्हणायचे की आकाशाचं रीळ असलं की मला चहाला पण उठता येत नाही. स्कोपची, म्हणजे रुंद पडद्याच्या पिक्चरची, लेन्स पण नीट बसवायला लागायची, नाहीतर गोल ग्रह अंड्यासारखे उभे दिसणार.

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. सेकंदाला चोवीस चित्रं, मिनिटाला नव्वद फूट. दोन दोन रिळं जोडून एका मशीनवर चढवायची, ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जातो, तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदललं. प्रेक्षकाला कळता कामा नये. अख्ख्या गावाने पिक्चर बघितला तरी ते ठिपके फक्त आमच्या घराला दिसायचे. अजून जुना पिक्चर लागला की माझी नजर आपोआप त्या कोपऱ्यात जाते.

कार्बनच्या कांडीवर तांब्याचा मुलामा असायचा, उरलेले तुकडे आम्ही पोरं गोळा करायचो, शाळेत त्याला भाव होता.

आणि आता मुख्य सांगायचं ते. स्टार वॉर्समधली ती उजेडाची तलवार, तिचा घुंईं असा आवाज येतो ना, तो बेन बर्ट नावाच्या साउंडवाल्याने कशापासून केला तर जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरच्या घरघरीपासून. कॉलेजात असताना तो स्वतः प्रोजेक्टर चालवायचा, तिथे ती मोटर नुसती चालू राहिली की असा आवाज करायची, तो त्याच्या डोक्यात बसलेला. त्यात मग टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळली. हे मी पुढे कधीतरी वाचलं आणि मला रडू आलं हो. कारण आम्हाला केबिनमधे तो आवाज दिवसाचे चारही शो ऐकू यायचा. वडील गेले तेव्हा हे माहीत नव्हतं, नाहीतर त्यांना सांगितलं असतं की अण्णा, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या तलवारीत आपल्या मशीनचा आवाज आहे.


अलकाचौक

रीळ नंबर सात, दंडवत घ्या. ते ठिपके मला आयुष्यभर फिल्मवरचे डाग वाटत आले.


ठाणे_लोकल

मी या धाग्यातला बहुतेक सगळ्यात लहान, माझा पहिला सायफाय मल्टिप्लेक्समधला. एक विचारायचंय. इंटरव्हल कुठे करायचा हे कोण ठरवायचं? कारण हॉलिवूडच्या पिक्चरला इंटरव्हल नसतो ना, मग भलत्याच जागी तुटत असेल.


रीळ_नंबर_सात

थेटरवाले ठरवायचे. साधारण मधलं रीळ बदलायच्या वेळी. चांगला ऑपरेटर असला तर सीन संपायची वाट बघायचा, वडील बघायचे. घाई असली तर माणूस बोलता बोलता वाक्यात तुटायचा आणि लाइट लागायचे.


दूरदेशी

ठाणे_लोकल, हॉलिवूडच्या काही जुन्या मोठ्या पिक्चरना स्वतःचा इंटरव्हल असायचा. सगळ्यात उत्तम उदाहरण याच विषयातलं, २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८). त्यात दोघे अंतराळवीर एका छोट्या गोलात बसून, आवाज बाहेर जाणार नाही अशी खात्री करून, हॅल या कॉम्प्युटरला बंद करायचं बोलतात. आणि मग कॅमेरा हॅलच्या डोळ्यातून त्यांचे ओठ दाखवतो. नुसते हलणारे ओठ, आवाज नाही. तो वाचतोय. आणि तिथे इंटरमिशन! दिग्दर्शक कुब्रिकने स्वतः ठेवलेला. म्हणजे बाहेर जाऊन सामोसा खाताना प्रत्येकाला माहीत असतं की त्याला कळलंय आणि त्यांना माहीत नाही. याहून चांगला इंटरव्हल मी दुसरा बघितलेला नाही.

मी हा दोनदा थेटरात बघितला. एकदा तरुणपणी मुंबईत फोर्टात रिपीटला लागला होता तेव्हा, प्रिंट खराब झालेली, उभ्या रेघा पडलेल्या, आणि पहिली पंचवीस मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही त्यामुळे माकडांच्या सीनला लोक आधी हसले, मग ओरडायला लागले, आवाज आवाज करून, त्यांना वाटलं साउंड गेला. पण ते हाड वर उडतं आणि त्याचं यान होतं ना, तिथपासून हॉल बदलला. त्या यानांच्या वॉल्ट्झला माझ्या पुढचा एक वयस्कर माणूस बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून बसला होता. शेवट कोणाला कळला नाही, मलाही नाही, आणि तरी कोणी पैसे फुकट गेले म्हटलं नाही. बसस्टॉपवर दोन बस सोडून आम्ही वाद घालत उभे होतो.

दुसऱ्यांदा २०१८ मधे इकडे कॅलिफोर्नियात. पिक्चरला ५० वर्षं झाली म्हणून ख्रिस्तोफर नोलनच्या देखरेखीखाली नवीन ७० एमएम प्रिंट काढल्या होत्या, मूळ निगेटिव्हवरून, मधे कॉम्प्युटरने काही साफसफाई न करता, जुन्या रासायनिक पद्धतीनेच. त्या काळ्या रंगाची खोली मी शब्दात सांगू शकत नाही. डिजिटलचा काळा म्हणजे विझलेला पडदा, हा काळा म्हणजे खरंच पलीकडे काहीतरी आहे. मुलीला नेलं होतं. इंटरव्हलला ती म्हणाली बाबा, तो ओठ वाचत होता ना. मी म्हटलं हो. यापलीकडे आम्ही त्या वीस मिनिटात काही बोललो नाही आणि ते फार छान होतं.

आणि एक, याची गोष्ट कुब्रिकबरोबर लिहिणारा आर्थर क्लार्क आपल्या शेजारी कोलंबोला राहायचा, १९५६ पासून शेवटपर्यंत. त्यामुळे मला हा पिक्चर निम्मा आपल्याच भागातला वाटतो.


पुसेगावची_जत्रा

सगळे शहरातले लिहिताय, आता गावाकडचं ऐका. आमच्या सातारा जिल्ह्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असते, डिसेंबरच्या थंडीत, तिथे टुरिंग टॉकीज यायच्या. मोठाले तंबू, ट्रकवर प्रोजेक्टर, बाहेर जनरेटर धडधडतोय, आत जमिनीवर बसायचं, पोती नायतर सतरंजी आपली आपण न्यायची. बाया एका बाजूला गडी एका बाजूला. माईकवर सारखं पुकारायचं, चला चला शो सुरू होतोय.

ज्युरासिक पार्क आला होता, हिंदीत. इकडे भारतात तो एप्रिल १९९४ ला हिंदीत डब करून लागला, आणि मला वाटतं आपल्या लोकांसाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट झाली, कारण तोपर्यंत इंग्लिश पिक्चर म्हणजे शहरातल्या शिकलेल्या माणसाचा. शहरात लागून गेल्यावर प्रिंट फिरत फिरत जत्रेत आली. अलकाचौक म्हणाले तसं मागच्या रांगेतून सांगणारा आता लागणार नव्हता, डायनासोरच्या पार्कचा मालक डायरेक्ट आमच्याशी हिंदीत बोलत होता.

शहरात म्हणे याला डीटीएसचा नवा आवाज होता, आवाज वेगळ्या सीडीवर आणि फिल्मवर नुसत्या खुणा, हाच पहिला पिक्चर त्या पद्धतीचा. आमच्या तंबूत भोंगे होते. पण तुम्हाला सांगतो, पाण्याच्या ग्लासात ते वर्तुळ उठतं ना, त्या वेळी जनरेटरच्या हादऱ्याने आमची जमीन खरोखर हलत होती. आणि तो मोठा डायनासोर पावसात तारा तोडून बाहेर येतो तेव्हा वाऱ्याने तंबूची कनात फडफडली, मागची चार माणसं उठून पळाली बाहेर. माझी आजी होती बरोबर, सत्तरीच्या पुढची, ती जागची हलली नाही. घरी येताना बैलगाडीत म्हणाली, त्याचा काय दोष, त्याला कशाला उठवला झोपेतनं एवढ्या वर्षांनी. पुढे मी त्या पिक्चरवर खूप लेख वाचले, सगळ्यांचं म्हणणं फिरून तिथेच येतं.


पणजीकर

पुसेगावच्या आजींना नमस्कार. आमच्या गोव्यात पणजीला सिने नॅशनल, एल डोराडो, वास्कोला एल मोंते. इंग्लिश पिक्चर आमच्याकडे घराघरातून बघायचे, आई-वडील, मावशी सगळे, त्यामुळे इ.टी. (१९८२) आम्ही सगळं घर मिळून बघितला. इ.टी. आजारी पडून पांढरा पडतो तिथे अख्खं थेटर रडत होतं, मोठी माणसं, बापये पण. एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो, सत्यजित रायनी १९६७ मधे कोलंबिया या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी असाच एक पिक्चर लिहिला होता, बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं आणि आतला छोटा पाहुणा एका गरीब मुलाचा मित्र होतो. तो बनला नाही. इ.टी. आल्यावर राय स्पष्ट म्हणाले होते की आपल्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरत होत्या. स्पीलबर्गने ते मान्य केलं नाही. इ.टी. मला प्रिय आहे, पण तो बंगालचा पिक्चर आपल्याला मिळायला हवा होता. कमळांच्या तळ्यातलं यान सिने नॅशनलच्या पडद्यावर बघायला मी काहीही दिलं असतं.


शेजारची_खुर्ची

पणजीकर, अगदी. आणि आपल्याकडे प्रयत्न होत होते हो. चांद पर चढाई (१९६७) मधे दारासिंग चंद्रावर जाऊन आला, आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी! नंतर ऑक्टोबर १९६९ मधे अपोलो ११ चे ते तिघे अंतराळवीर खरोखर मुंबईला आले होते, वडील सांगायचे रस्त्यावर किती गर्दी होती ते. लोकांना चंद्राचं एवढं वेड होतं, पैसा आणि तंत्र असतं तर काय काय झालं असतं.


अर्काइव्हचा_पास

पुण्याच्या फिल्म अर्काइव्हचा उल्लेख कोणी केला नाही अजून. पॉपकॉर्न नाही, इंटरव्हल नाही, शिट्ट्या नाहीत. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा सोलारिस (१९७२) तिथे बघितला. त्यात भविष्यातलं शहर म्हणून मोटारीतून जाण्याचा लांबलचक सीन आहे, बोगदे, पूल, पुन्हा बोगदे. ते टोकियोचे खरे रस्ते आहेत, काहीही सेट न लावता. बाहेर आलो तर लॉ कॉलेज रोडवर रात्रीची वर्दळ, दिवे, आणि मला दहा मिनिटं आपलाच रस्ता अनोळखी वाटत होता. एवढंच लिहायचं होतं.


ठाणे_लोकल

एक वेगळा मुद्दा मांडू का. इरॉस २०२४ मधे परत सुरू झालं, आयमॅक्स म्हणून. मी गेलो होतो, बाहेरची इमारत सुंदर केलीये. पडदा प्रचंड. वाळवंटातला तो मोठा सायफाय बघितला आणि मला तरी सगळं मिळालं जे तुम्ही लोक लिहिताय, काळोख, आवाज छातीत, तीनशे अनोळखी माणसं एकदम गप्प. त्यामुळे ते सगळं गेलं असं म्हणायला मी तयार नाही.


चौथी_रांग

गेलं असं मी म्हणतच नाही. इमारत पाडली नाही, तिच्यात परत सिनेमाच लागतोय, याचा मला फार आनंद आहे. रिगल-इरॉस धरून तो सगळा आर्ट डेको शैलीतल्या इमारतींचा भाग २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, नाहीतर आज तिथे काय उभं असतं कोण जाणे. पण बाल्कनी, स्टॉल, ड्रेस सर्कल मिळून हजारभर माणसं एका पडद्यापुढे, आणि त्यात हमाल पण आणि हायकोर्टातले वकील पण, ती गर्दी आता एका हॉलमधे जमत नाही. तिकीट बघा ना किती झालंय. हाळच्या काकांना आज तिकडे जाऊन हात वर करता येईल का, हा माझा प्रश्न आहे. आवाज आणि पडदा तर आजचाच चांगला, त्यात वाद नाही.


पुसेगावची_जत्रा

हेच म्हणतो. तंबूत सगळा गाव बसायचा.


ठाणे_लोकल

तिकिटाचा मुद्दा मान्य. मग काहीतरी करू ना आपण. कोणाकडे प्रोजेक्टर असेल, साधा डिजिटल का असेना, आणि पडदा. हाळलाच जाऊन क्लोज एन्काउंटर्स दाखवू या का? गावकऱ्यांबरोबर बसून. खालापूरकर, शक्य आहे का?


खालापूरकर

का नाही. गावात ओळखी आहेत, शाळेचं पटांगण मिळेल का ते मी विचारतो. पण दाखवायची रीतसर परवानगी काढायला लागेल, ते कोणीतरी माहितगाराने बघा. पावसाळा सोडून, नाहीतर डोंगरच दिसणार नाहीत आणि लोकांना डोंगर दाखवायचे आहेत. यायला सोपं आहे, कर्जतहून खोपोली लोकल, पुढे रिक्षा. त्या गर्दीतले जे कोणी अजून आहेत त्यांना पुढे खुर्च्या.


अर्काइव्हचा_पास

परवानगीचं मी बघतो, फिल्म सोसायटीच्या कामामुळे थोडं माहितीये.


रीळ_नंबर_सात

मशीन मी चालवणार. डिजिटल असलं तरी. पडदा किमान वीस फुटी घ्या, चुण्या पडू देऊ नका, आणि त्या दिवशी अमावस्येच्या जवळची तारीख धरा, चांदणं असलं की पडदा धुवट दिसतो.